गयाआत्याचं उठणं

शेलूबाजारच्या चौकात मी जीपमध्ये बसले होते आणि जीप काही केल्या भरत नव्हती. ड्रायव्हर "बस, एक शीट, निघालोच" असं म्हणत उन्हात फिरत होता. मैत्रिणीकडून परत वाशीमला निघाले होते, उशीर झाला होता, डोकं तापलं होतं, आणि तेवढ्यात गौतमदादाचा फोन आला. गौतमदादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा, किन्हीराजाला शेती करतो. "सुजे, माय गेली," तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत, जणू हे वाक्य राहून जाईल अशी भीती असल्यासारखं घाईघाईनं पुढचं म्हणाला, "पन पडून नाही गेली बरं. झोपीत गेली. पहाटं चहा घेऊन शोभा गेली त माय शांत पडून होती." मी म्हणाले, "बरं झालं दादा." शेजारी बसलेल्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू! मृत्यूची खबर ऐकून कोणी बरं झालं म्हणतं का? पण आमच्या घरात म्हणतात. गेली दोन-तीन वर्षं आमच्या सगळ्यांची काळजी 'पडणं' या एका शब्दात येऊन बसली होती. आत्या पडून गेली नाही, हे दादा रडता रडता अभिमानानं सांगत होता आणि मी ते तेवढ्याच अभिमानानं ऐकत होते. मग ती जीप सोडली आणि किन्हीराजाकडे जाणारी दुसरी धरली.

आता हे सगळं तिऱ्हाईताला कळायचं तर आत्याच्या काळजाबद्दल बोलायला हवं. म्हातारपणी काय काय म्हातारं होतं, हे आपल्याला पाठ असतं... गुडघे, डोळे, दात, कान. पण हृदयाला हाकणाऱ्या आणि आवरणाऱ्या नसाही म्हाताऱ्या होतात, हे कोणी सांगत नाही. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तरी मलाही ते पुस्तकात ओझरतंच भेटलं होतं. ते मी नीट शिकले ते गयाआत्याच्या अंगावरून. तिचं हृदय चांगलं होतं, ठणठणीत. फक्त ती उठून उभी राहिली की 'बाई उठली, आता जोर लाव' हा निरोप त्याला वेळेवर पोचत नव्हता. आणि उठणं ही गोष्ट माझ्या आत्यासाठी साधी नव्हती. इतरांसाठी असेल.

माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, यांच्या तरुणपणी गावात एक रीत होती. मोठ्या जमीनदाराची दमणी, म्हणजे बैलांची बसायची गाडी, रस्त्यानं निघाली की आमच्या वस्तीतल्या बसलेल्या माणसानं उठायचं आणि ती दिसेनाशी होईस्तोवर उभं राहायचं. जेवत असला तरी. आत्यानं लहानपणी आपल्या बापाला भाकरीचा घास तोंडात तसाच धरून उठताना पाहिलं होतं. मग छप्पन साल आलं, आजोबा दीक्षा घेऊन परतले, आणि त्यानंतर पहिल्यांदा ती दमणी आली तेव्हा ते दारात बसून राहिले. आत्या त्यांच्या शेजारी बसली होती, बाराएक वर्षांची असेल. ही गोष्ट तिनं आम्हाला किती वेळा सांगितली असेल याची गणतीच नाही, पण त्यात ती बापाला कधी शूरवीर करायची नाही, हे मला फार आवडायचं. ती म्हणायची, "बाबाचा हात कापून राह्यला होता. मी धरला होता नं, मले मालूम. पन बूड हाललं नाही." त्या दिवसापासून आपण उठायचं ते कोणासाठी हे आपण ठरवायचं, असा तिचा कायदाच झाला. ती शाळेच्या मास्तरांसाठी उठायची. डोक्यावर ओझं घेऊन येणाऱ्या बाईसाठी उठायची, ओझं उतरवू लागायची. आणि विहारात वंदनेच्या शेवटच्या गाथेला उठायची. बाकी आमदार येवो नाहीतर जावई येवो, बाई जागची हलायची नाही. पुढाऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे व्हायचे.

लग्न होऊन किन्हीराजाला आली आणि बायांची टोळी घेऊन निंदणाला जायला लागली. तुरीत, सोयाबीनमध्ये, कपाशीत, सीझनभर. मी सुट्टीत तिच्याकडे जायचे तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पाहायचे. प्रत्येक बाई आपापली पात धरायची, पात म्हणजे तिच्या वाट्याची तासं, पिकाच्या ओळी, आणि खुरपं चालवत बसल्या बसल्या पुढं सरकायची. आत्या सगळ्यात पुढं. पात संपून टोकाला लागली की ती तिथल्या धुऱ्यावर अशी उभी व्हायची, की बसलेली कधी होती हे कळू नये. खाली बस, वर ऊठ, दिवसभर, भादव्याच्या उन्हातसुद्धा, आणि वर तोंडाचा पट्टा चालू. पण तिच्या टोळीचा एक नियम होता. कोणाची पात मागं राहिली, कोणी बाळंतीण असेल, कोणाला ताप असेल, तर पुढं गेलेल्यांनी नुसतं धुऱ्यावर उभं राहून तिची वाट पाहायची नाही. परत यायचं, तिच्या शेजारी खाली बसायचं आणि तिची पात मिळून काढायची. सगळ्या बाया धुऱ्यावर एकदम लागल्या पाहिजेत. एकटीला मागं ठेवून तिच्याकडे पाहत उभं राहणं याच्याइतकं वाईट काही नाही, असं आत्या म्हणायची, आणि असं उभं राहणारीला ती अशी झाडायची की पुढच्या वेळी ती बाई उभी राहायचं नाव घ्यायची नाही.

दिवसभर निंदण करून संध्याकाळी ती प्रौढांच्या वर्गात बसून वाचायला शिकली. कशासाठी, तर पावसाळ्यात विहारात रोज ग्रंथवाचन होतं, ते पुरुषच का करतात म्हणून. वाचायला शिकली, मग गाथा शिकली, आणि हळूहळू विहारातली वंदना तीच घ्यायला लागली. पांढरं लुगडं, खणखणीत आवाज. उच्चार चुकला की मध्येच थांबवायची, भले समोर कॉलेजचा प्राध्यापक असो. मला तर भर विहारात तिनं दोनदा थांबवलंय. पण सांगते, पौर्णिमेला ती पुढं उभी राहून शेवटची गाथा सुरू करायची आणि मागचे सगळे तिच्यामागून म्हणायचे, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. ही माझी आत्या आहे, असं शेजारच्या बाईला कोपर मारून सांगावंसं वाटायचं. नुसता अभिमान नाही, चांगला चरचरीत गर्व होता मला तिचा, आणि आजही आहे.

ऐंशीला टेकली तेव्हा ती कधीकधी उठताना भिंतीला हात लावायला लागली. विचारलं की म्हणायची, भिंतीले पोपडे आले काय ते पाहून राह्यलो. डोळ्यांपुढं अंधारी यायची, ते ती कोणाजवळ कबूल करायची नाही. मागे कधीतरी गावातल्या शिबिरात तिला खुर्चीत बसवून बीपी मोजलं होतं, ते वाढलेलं निघालं होतं आणि गोळी सुरू झाली होती. आता आपल्याकडे बीपी म्हटलं की पहिली संक्रांत मिठावर. शोभावहिनीनं, गौतमदादाच्या बायकोनं, घरातलं मीठच बंद केलं. आत्याला एकटीला वाईट वाटू नये म्हणून सगळं घर अळणी वरण गिळायला लागलं. किती माया! आणि चक्कर आली की वहिनी म्हणायची, बीपी वाढून राह्यला मायचा, अजून कमी करा मीठ. आत्या बिचारी दुपारी "कौसाकडं जाऊन येतो" म्हणून निघायची. कौसाबाई तिच्या टोळीतली जुनी सोबतीण, चार घरं पलीकडे राहते. तिथं जाऊन ही ठेचा-भाकर हाणून यायची, आणि त्या दिवशी तिला बरं वाटायचं, पण ते का, हे दोघींनाही कळत नव्हतं.

मग माघ पौर्णिमेला विहारात, शेवटच्या गाथेसाठी उठली आणि सगळ्यांच्या देखत कोसळली. भुवईवर खोक पडली, मनगट मोडलं. शुद्धीवर आली तेव्हा तिचं पहिलं म्हणणं काय, तर सतरंजीत पाय अडकला. सतरंजी तिथून हातभर लांब होती.

दादानं तिला वाशीमला आणलं. मनगटाला प्लास्टर झालं, आणि मग मी तिला एका तरुण डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी इतका वेळ दिला की मला अजून त्यांचं कौतुक वाटतं. आत्याला आधी चांगलं स्वस्थ आडवं पडू दिलं आणि बीपी मोजलं. मग उभी केली आणि लगेच मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं. आडवी असताना दाब चांगला होता, जरा चढाच. उभी झाल्याबरोबर तो धाडकन खाली आला. पण डॉक्टरबाई दाबापेक्षा नाडीकडे पाहत होत्या. दाब उतरला की नाडीनं धावायला पाहिजे, आणि ही नाडी होती त्याच चालीनं चालली होती, जणू काही झालंच नाही. त्यांनी आत्यालाच समजावून सांगितलं, मला नाही, हे मला फार आवडलं. म्हणाल्या, आजी, माणूस उठला की अंगातलं रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत दाब ओळखणाऱ्या जागा असतात, त्या मेंदूला कळवतात, आणि मेंदूकडून हृदयाला नसांमधून निरोप जातो. एक नस हृदयाला आवरून धरते, ती सैल पडते. दुसरी हाकते, ती जोर करते. तरुणपणी हे इतक्या पटकन होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. वय झालं की रक्तवाहिन्या ताठ होतात, त्या जागा मंद होतात, निरोप उशिरा पोचतो, आणि पोचला तरी हृदय त्या निरोपाला पूर्वीसारखं उचलून धरत नाही. तोवर डोक्याला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली येतो.

आत्या ऐकत होती. मग विचारलं, "म्हंजे माहं काळीज म्हातारं झालं?"

"काळीज नाही आजी. काळजाला सांगणारे म्हातारे झाले," डॉक्टरबाई म्हणाल्या. आत्याला ते पटलं. हे पूर्ण बरं होणारं नाही, पण सांभाळता येतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळी बदलली. तुमच्या बाबतीत अळणी नको, चवीपुरतं मीठ खा, म्हणाल्या, आणि शोभावहिनी तिथंच डोळ्यांना पदर लावून बसली. इतके दिवस जिवापाड केलेलं सगळं उलटं पडलं होतं. आत्यानं प्लास्टरचा हात तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, रडू नको, कौसा हाये नं, तिनं भरून काढलं. तेव्हा कुठं आम्हाला त्या ठेच्याचा पत्ता लागला.

पण डॉक्टरबाईंचा एक प्रश्न राहिला होता. चक्कर कधी कधी येते? दादा आठवायला लागला आणि म्हणाला, तसं त माय बहुतेक आठमीले नाहीतर पुनवेलेच गळते. त्या दिवशी काय खातापिता, असं विचारल्यावर आत्या म्हणाली की उपोसथ असतो. अष्टमी-पौर्णिमेला ती आठ शील पाळायची. दुपारी बाराच्या आत जेवायचं, नंतर नाही. आणि पाणी? पाणी वंदना होईस्तोवर घेत नाही, ती म्हणाली, मागच्या दिवशीच्या संध्याकाळपासून. डॉक्टरबाई हळहळल्या. आधीच निरोप उशिरा पोचतो, त्यात अंगातलं पाणी कमी, मग त्या हृदयानं करावं तरी काय? पाणी तर उलट उठायच्या आधी भरपूर प्यायला हवं. आत्या सरळ नाही म्हणाली. शील हाये थे, मोडता येत नाही. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे.

किन्हीराजाला घरी आलो तर कौसाबाई दारात हजर. तिला सगळं सविस्तर पाहिजे असतं. पाण्यापर्यंत गोष्ट आली आणि कौसाबाईनं कपाळाला हात लावला. "अवं गये, उपोसथात जेवन सोडतेत. पानी सोडाले कोनं सांगलं तुले? पानी त आपल्या आज्या सोडत होत्या, थ्या जुन्या देवाच्या उपासाले."

आत्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या शीलाचे शब्द तिला तोंडपाठ होते, शेकडो लोकांना तिनं ते म्हणायला शिकवले होते, आणि त्यात अवेळी जेवू नये एवढंच आहे, पाण्याचं नाव नाही. जुने देव घरातून गेले, नवस गेले, अंगात येणं गेलं, गंडेदोरे तर तिनं स्वतः लोकांच्या हातांतले तोडायला लावले. आणि आजीचा निर्जळी उपास मात्र पांढरं लुगडं नेसून तिच्याच अंगात मुक्कामाला होता, सत्तर वर्षं. दुसरं कोणी असतं तर वाद घातला असता. आत्यानं शोभावहिनीला तांब्याभर पाणी मागितलं. वहिनीनं आणलं. तिनं डाव्या हातानं तो अख्खा तांब्या न थांबता रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "समदं काढलं होतं मी घरातून. हे माह्या घशात लपून बसलं होतं." मला हसू आलं आणि रडूही आलं. ऐंशीव्या वर्षी, चारचौघांत, आपली चूक अशी घटाघटा पिऊन टाकणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

तरीही दादानं ठरवून टाकलं होतं. आता वंदना दुसरं कोणी घेईल, आणि घ्यायचीच असेल तर माय खुर्चीत बसून घेईल. शेवटची गाथासुद्धा बसूनच. त्याचंही काय चुकलं? आईचं रक्त त्यानं विहाराच्या फरशीवरून पुसलं होतं. आत्या भांडली नाही. हेच मला नको होतं. आत्या भांडत नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे. मी शनिवार-रविवार जायचे, तेव्हा ती ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहत असायची. एकदा मी म्हणाले, आत्या, बसून म्हटली तर काय बिघडलं, गाथा तीच आहे. तेव्हा ती म्हणाली, "माह्या बापाले बसून राह्याची हिंमत लागली, सुजे. मले उठाची लागते. एवढं एकच उठनं हाये मले, जे मी मनानं उठतो. थेही घेता काय माह्यापासून?"

मी दादाकडे गेले आणि म्हणाले, बुद्धपौर्णिमेपर्यंत मला वेळ दे. आणि आम्ही उठायला शिकलो. हो, शिकलोच. डॉक्टरबाईंनी दाखवलं होतं तसं आधी पाणी प्यायचं, बसल्या जागी पायाची बोटं हलवायची, मग पिंढऱ्या, म्हणजे पोटऱ्या, आवळायच्या सोडायच्या, म्हणजे पायात उतरलेलं रक्त वर ढकललं जातं, मग पुढं सरकून थांबायचं, आणि मग हळू उभं राहायचं, राहिल्यावर पुन्हा थांबायचं. घड्याळ लावून करायला तिनं साफ नकार दिला. तिनं स्वतःची पद्धत काढली. मनातल्या मनात गाथा म्हणायची, एक ओळ बोटांना, एक पिंढऱ्यांना, एक थांबायला. अंधारी आली तर परत बसायचं. सुरुवातीला ती चिडायची. अर्ध्यातून उठायची आणि खांब धरायची. मग माझ्यावरच डाफरायची की तूच घाई केली.

एकदा मी तिला गंमत म्हणून नाडी दाखवली. मोठा श्वास आत घेतला की नाडी जरा जलद होते, सोडला की मंदावते, आवरणारी नस श्वासाबरोबर कमीजास्त होते म्हणून. माझ्या मनगटावर तिनं बोटं ठेवली आणि डोळे मिटून बराच वेळ पाहत राहिली. मग स्वतःची पाहिली. तिची श्वासाबरोबर फारशी बदलत नव्हती, वय झालं की ते कमी होत जातं. मला वाटलं आता हिला वाईट वाटेल, उगीच दाखवलं. तर म्हणते, "तुही नाडी नाचून राह्यली. माही सरळ तासानं चालून राह्यली, पात धरून." आणि खूष. मी दर वर्षी मुलांना हा धडा शिकवते, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

बुद्धपौर्णिमा आली. सकाळीच ऊन रणरणत होतं, विहारातले पंखे गरम वारा फेकत होते. आत्यानं पाणी प्यायलेलं होतं, मीठ खाल्लेलं होतं, पांढरं लुगडं नेसली होती, आणि समोर खुर्चीवर बसली होती. खाली जमिनीवरून उठणं जड जातं म्हणून खुर्ची तिनं कबूल केली होती, तेवढीच. शोभावहिनी एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला. वंदना झाली, आवाज तोच. मग शेवटच्या गाथेची वेळ झाली आणि नेहमीप्रमाणे सगळा विहार ताडकन उभा राहिला.

आणि आत्या खाली. ती बोटं हलवत होती. पिंढऱ्या आवळत होती. सगळे उभे राहून तिच्याकडे पाहत होते, चांगल्याच मनानं, काळजीनं, पण पाहत होते. माझं मन एकदम त्या जुन्या दमणीच्या रस्त्यावर गेलं... एक माणूस बसलेला आणि बाकीचे उभे, पण हे उलटं होतं, हे बसणं तिला नको असलेलं होतं. दादानं तिच्या काखेत हात घालायला हात पुढं केला. आत्याच्या चेहऱ्यावर लाज आली. त्या बाईच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा लाज पाहिली. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि मला कळलं, आता ही सगळं सोडून एकदम उठणार आणि पडणार. मी ओरडणार होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली कौसाबाई, गुडघ्यावर हात टेकवत, कण्हत, परत खाली बसली. मागं वळून म्हणाली, "बसा वं बायाहो. तिची पात मांगं राह्यली."

टोळीतल्या जुन्या बाया बसल्या. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मग त्यांच्या सुना बसल्या. मग पुरुष एकमेकांकडे पाहत बसले, आणि सगळ्यात शेवटी दादा बसला, आईच्या खुर्चीला टेकून, जमिनीवर. आता आत्याच विहारात सगळ्यात उंच होती. तिनं एकदा सगळीकडे पाहिलं. मग परत बोटांपासून सुरुवात केली, आणि कौसाबाईनं बोटं हलवली, आणि सगळ्यांनी हलवली. पिंढऱ्या आवळल्या. थांबलो. आत्या उठली, तिच्याबरोबर आम्ही उठलो, सगळे एकदम धुऱ्यावर लागलो. तिनं थांबून एक श्वास घेतला आणि गाथा सुरू केली. गाथा संपल्यावर ती कोणाला काय म्हणाली असेल? तिसऱ्या ओळीचा उच्चार सगळ्यांचा चुकला, म्हणाली, नीट म्हनत जा.

त्या दिवसापासून किन्हीराजाच्या त्या विहारात असंच उठतात. पुढं कळलं की गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना उठताना अंधारी यायची आणि सगळेच भिंतींचे पोपडे तपासत होते. ते बोलायला लागले, तपासून घ्यायला लागले. कोणाची गोळी बदलली, कोणी पाणी प्यायला लागलं. एका बाईच्या म्हाताऱ्या नसांनी अख्ख्या गावाला शहाणं केलं. आत्या त्यानंतर एकदाही पडली नाही. तिनं दोन बुद्धपौर्णिमा अशा उभ्यानं काढल्या, आणि मग गेल्या महिन्यात, एका साध्या पहाटे, ती झोपेत गेली.

परवाच्या पौर्णिमेला मी मुद्दाम किन्हीराजाला गेले. खुर्ची तिथंच होती, कोणी हलवली नव्हती आणि कोणी बसलंही नव्हतं. वंदना शोभावहिनीनं घेतली. चांगली घेतली, आवाज जरा बारीक आहे, येईल. मी मात्र कुठंतरी हरवलेली होते, रडून झालं होतं, आणि शेवटची गाथा आली तशी शहरातल्या सवयीनं पटकन उभी राहिले. आजूबाजूला पाहते तर मी एकटीच उभी. सगळा विहार बसलेला. म्हातारे, तरुण पोरी, दादा, सगळे खाली, नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे, पायाची बोटं हलत होती.

कौसाबाईनं माझा पदर धरून मला हळूच खाली ओढलं.

"बस, पोरी," ती म्हणाली. "थे उठून राह्यली अजून."

मी बसले. आणि तिला लागायचा तेवढा वेळ आम्ही सगळे थांबलो.